बाग प्रिंटचे पडदे, नक्षीची फरशी, फुलांचा सोफा: एका दिवाणखान्यात किती नक्षी नांदेल?

रेवाकाठ
नमस्कार मंडळी.
इंदूरला रामबागेत सासरचं जुनं घर आहे. डागडुजी करून आम्ही आता तिथे राहायला जातोय. प्रश्न दिवाणखान्याचा आहे. साधारण बारा बाय सोळाची खोली, एक मोठी खिडकी पश्चिमेला. जमिनीवर जुन्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स आहेत: विटकरी, काळपट आणि मळकट पांढऱ्या रंगात चांदण्या, आणि भिंतीलगत चौफेर पट्टा. एकही तडकलेली नाही. त्या निघणार नाहीत, हे आधीच सांगते.

त्यावर सासूबाईंचा सागवानी सोफा. त्याच्या कापडावर तळहाताएवढी फुलं, शेवाळी हिरवा आणि फिकट गुलाबी. पडद्यांसाठी माझ्याकडे बाग प्रिंटचा (धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठशांच्या छपाईचा) ताका आहे, पांढऱ्यावर लाल-काळी बारीक बुट्टी. शिवाय आजेसासूबाईंच्या दोन महेश्वरी साड्या. अंग विरलंय, काठ मात्र शाबूत.

घर बघायला आलेल्या डेकोरेटरने पाच मिनिटांत निकाल दिला: सगळं उचला, ऑफव्हाइट करा, फरशीवर व्हिनाइल टाका. मला ते मान्य नाही. या सगळ्या वस्तू मला आवडतात आणि रोज डोळ्यांसमोर हव्यात. पण चार तऱ्हेच्या नक्षी एका खोलीत भांडतील का, ही धाकधूकही आहे. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा.

भिया_छप्पनवाले
इंदुरात कशावर काय चालतं हा प्रश्नच येत नाही. वरून शेव टाका, सगळं चालतं.

सतरंजी
फरशीवर व्हिनाइल??? त्या डेकोरेटरला परत घरात घेऊ नका. 🙏

चौकडा
ताई, मी कापड मार्केटात फर्निशिंगच्या दुकानात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिऱ्हाईक विचारतं, "फुलांवर पट्टे चालतील का?" फुलांवर पट्टे, चौकडा, ठिपके, कोयरी, काहीही चालतं. बघायचं ते नक्षीचं माप. दोन नक्षी एकाच मापाच्या असल्या की डोळा एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहतो आणि खोलीत बसवत नाही. एक मोठी, एक मध्यम, एक बारीक अशी उतरंड असली की डोळा आधी मोठीवर टेकतो, मग बाकीच्या सावकाश दिसतात. सगळ्यांनीच आवाज चढवला तर कुणाचंच ऐकू येत नाही, तसं आहे ते.

तुमच्याकडे ही उतरंड आयती आहे. सोफ्याची फुलं मोठी, फरशीची चांदणी मध्यम, बागची बुट्टी बारीक. महेश्वरी काठ तर नुसती रेघ आहे, तो कुठेही बसेल.

दुसरं, रंग. सगळ्या कापडांत सगळे रंग जुळायला नकोत, पण एक रंग असा हवा जो खोलीभर कुठे ना कुठे भेटत राहील. फरशीचा विटकरी आणि बागचा लाल हे जवळचे आहेत. काळा दोन्हीकडे आहे. अडतोय तो सोफा. शेवाळी हिरवा आणि फिकट गुलाबी खोलीत दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून तो पाहुण्यासारखा दिसणार.

पांढऱ्याकडेही बघा. बागच्या कापडाची जमीन कधी शुभ्र असते, कधी किंचित पिवळसर. सोफ्याची साय रंगाची असली आणि पडदा शुभ्र लावला, तर सोफा मळलेला वाटेल. दोन्ही कापडं दिवसा खिडकीशी नेऊन शेजारी धरा. ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही.

पांढरी_भिंत
मी उलट बाजूने बोलते. माळव्यात चैत्रापासून जी तलखी सुरू होते, तिच्यात बाहेरून घरी आल्यावर डोळ्यांना थंडावा हवा असतो. आमच्या राजेंद्र नगरच्या फ्लॅटमध्ये भिंती, पडदे, बैठक सगळं एका रंगात आहे आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर शांत वाटतं. नक्षी सुंदर असते, पण ती सतत काहीतरी सांगत असते. मला संध्याकाळी कुणी काही सांगायला नको असतं. डेकोरेटर फरशीबद्दल चुकला, पण ऑफव्हाइटबद्दल नाही, असं माझं मत.

जुनी_राजवाडी
@पांढरी_भिंत, तुमच्या मताला इंदुरातच मोठा आधार आहे, आणि तोच थोडा तुमच्या विरुद्धही जातो. माणिकबाग महाल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकरांनी 1930 च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून तो बांधून घेतला. बाहेरून साधा, आत फर्निचरही सरळ रेषांचं, कोरीवकाम नाही, झालरी नाहीत. त्या काळातल्या संस्थानिकाने असा महाल बांधावा ही गोष्टच विलक्षण. पण जुने फोटो बघा: जमिनीवर इव्हान दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे आहेत, आणि त्यांच्यावर ठळक भौमितिक आकार. म्हणजे एवढ्या साध्या घरातही नक्षी होतीच, फक्त तिला पायाखाली जागा दिली होती आणि भिंती गप्प ठेवल्या होत्या.

दुसऱ्या टोकाला काचमंदिर, इंदुरातलंच जैन मंदिर. शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं. भिंती, खांब, छत, जमीन, काचेच्या तुकड्याशिवाय बोटभर जागा नाही. तिथेही गोंधळ वाटत नाही, कारण सगळं एकाच वस्तूचं आहे.

रेवाकाठ यांच्या खोलीत मी माणिकबागेचा धडा घेईन. फरशी हाच तुमचा गालिचा. तिच्यावर दुसरा गालिचा टाकू नका आणि भिंतींना साधा चुन्याचा रंग द्या.

भिया_छप्पनवाले
माणिकबागेत आता करवाल्यांचं ऑफिस आहे. तिथे जाऊन कुणाला शांत वाटलं का ते विचारून सांगतो.

धारकर
बागचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. आमचं गाव धार जिल्ह्यातच, आणि बागला खत्री कारागिरांकडे काम चालू असताना तासन्‌तास उभं राहून पाहिलंय.

कोरं कापड आधी खारं मीठ, एरंडेल आणि शेळीच्या लेंड्या घातलेल्या पाण्यात तुडवून भिजवतात, मग हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्याने कापडाला फिकट पिवळी छटा येते. ठसा मारतात तो रंगाचा नसतोच, असं म्हटलं तरी चालेल. लालसाठी तुरटी, काळ्यासाठी लोखंडाचा गंज, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत. छापून वाळल्यावर कापड बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात. जास्तीचा माल वाहून जातो आणि शेजारच्या पांढऱ्यावर डाग बसत नाही. मग मोठ्या तांब्याच्या भांड्यात अलिझरीन (लाल रंग देणारं द्रव्य) आणि धायटीच्या फुलांबरोबर उकळतात. कापड काठीने सारखं खालीवर करावं लागतं. तेव्हा कुठे तुरटी लागलेली जागा लाल होत जाते. आधी नुसती मळकी दिसणारी बुट्टी डोळ्यांदेखत पेटत जाताना पाहणं, हे मी कुणालाही आवर्जून दाखवीन.

एवढं सांगायचं कारण असं की दोन वेळच्या उकळीत लाल कधी तंतोतंत सारखा येत नाही. रेवाकाठ, तुमच्या एका ताक्यात खिडकी भागते का ते आधी मोजा. कमी पडला आणि नंतर दुसरा ताका आणला तर शेजारी शेजारी पडद्यांत फरक दिसेल. कमी पडणारच असेल तर दुसऱ्या ताक्याचं दुसरं काहीतरी शिवा, लोडाचे अभ्रे वगैरे.

सुई_दोरा_मावशी
मोजणीचं मी सांगते. खिडकीचं माप दिलेलं नाही, म्हणून पाच फूट रुंद आणि सात फूट उंच धरते, तुमच्या मापाने बदला.

दांडी 60 इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट, म्हणजे 120 इंच. बागच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुतेक 44 इंच असतो (सोफ्याच्या कापडाचा 54 असतो, तो हिशेब इथे लावू नका). म्हणजे तीन पन्हे. उंची 84 इंच, वरखाली दुमडीला 12, झाले 96. तीन पन्ह्यांचे 288 इंच, म्हणजे सव्वासात मीटरहून थोडं जास्त.

बारीक बुट्टीत जोडाला नक्षी जुळवताना कापड फारसं वाया जात नाही. हीच नक्षी मोठी असती, समजा दर 18 इंचांनी पुन्हा येणारी, तर प्रत्येक पन्हा 96 ऐवजी 108 चा कापावा लागला असता. एकूण 324 इंच, जवळजवळ मीटरभर जास्त. मोठ्या नक्षीचा पडदा महाग पडतो तो यामुळे.

आणि चुण्यांत मोठं फूल मोडतं. अर्धं आत जातं, अर्धं बाहेर, ते काय होतं तेच कळत नाही. बारीक बुट्टी चुण्यांत उलट जास्त गोड दिसते. मोठं फूल ताणून बसवलेल्या जागी शोभतं, म्हणजे सोफ्यावरच. तुमच्याकडे दोन्ही आपापल्या ठिकाणी आहेत.

कापण्याआधी कापड धुवून घ्या. सुती आहे, आटणार. आणि पश्चिमेची खिडकी म्हणजे मागे अस्तर हवंच हवं.

बडोदेकरीण
आमच्याकडे बडोद्याला मांडवीजवळच्या मामींच्या घरात कच्छी भरतकामाचं तोरण, बांधणीची चादर, पाटणचं खरं पटोळं नव्हे पण पटोळ्यासारखं छापलेलं लोडाचं कापड, आणि भिंतीवर जुनी तसबीर, सगळं एका झोपाळ्याच्या खोलीत आहे. गेली कित्येक वर्षं तसंच आहे, आणि मला लहानपणापासून ती घरातली सगळ्यात आवडती खोली वाटते. कारण शोधायला गेले तर लक्षात येतं, लाल सगळीकडे आहे. तोरणात लाल, बांधणीत लाल, लोडात लाल. झोपाळ्याची फळी मात्र अगदी साधी, तेलपाणी केलेलं लाकूड. डोळा तिथे विसावतो.

शहरात तांबेकर वाडा आहे, तिथे तर भिंतीभर चित्रं आहेत. मराठी माणूस आपलं घर भरून टाकायला कधी घाबरत नव्हता, असं तो वाडा पाहिला की वाटतं.

पांढरी_भिंत
मामींच्या झोपाळ्याच्या फळीचा मुद्दा मला पटला. माझं म्हणणं तेच आहे, विसाव्याची जागा पाहिजे. किती, एवढाच आपल्यात फरक.

किल्ल्याखालचा
ग्वाल्हेरहून. विसाव्याच्या जागेचं उदाहरण आमच्या डोक्यावरच उभं आहे. मानसिंह तोमरांचा मानमंदिर महाल, पंधराव्या शतकाच्या अखेरीचा. खालून बघितलं की निळ्या टाइल्सच्या पट्ट्या दिसतात, त्यात बदकांच्या रांगा, हत्ती, केळीची झाडं. नक्षी तुफान आहे. पण पट्टी संपली की वर-खाली दगड मोकळा सोडलेला आहे. तो मोकळा दगड नसता तर निळी बदकं इतक्या लांबून दिसलीच नसती.

जाता जाता, धारकर यांच्यासाठी: बागच्या गुंफांमधली भित्तिचित्रं खराब होत होती म्हणून 1982 मध्ये काढून आणली, ती आमच्याकडे गुजरी महालाच्या संग्रहालयात आहेत. बाग प्रिंटवर प्रेम करणाऱ्याने एकदा येऊन बघावीत. राहायला या, घर मोठं आहे.

धारकर
@किल्ल्याखालचा, येतोच. बेडई-जलेबीची सोय ठेवा.

सतरंजी
महेश्वरी साड्यांबद्दल कुणी बोललंच नाही. रेवाकाठ, त्या कापू नका अशी हात जोडून विनंती. आजेसासूबाईंच्या आहेत. मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, दर पावसाळ्यानंतर घडी मोडून उन्हाला नाही, सावलीत वारं लागू द्या.

सुई_दोरा_मावशी
मी कापा म्हणेन. अंग विरलेली साडी कपाटात घडीवर फाटते, आणि घडी उघडणाऱ्या पुढच्या पिढीला तिचं काही वाटत नाही. काठ जपून सोडवा, मागून मलमलची पट्टी लावून हाताने टाचा. मशीन नको, जुना धागा सुईने तुटतो. रोज दिसेल ती आठवण.

सतरंजी
नाही पटत मावशी. एकदा कात्री लागली की परत साडी होत नाही.

रेवाकाठ
तुम्हा दोघींचं वाचून नवऱ्याला विचारलं. त्याने आजीला याच साडीत पाहिलंय. तो म्हणाला, एक ठेव, एक वापर. तसंच करतेय. जी जास्त विरलीय तिचे काठ सोडवीन.

काठ बघताना पहिल्यांदाच नीट पाहिले. एकावर विटांसारखी नक्षी आहे, दुसऱ्यावर चटई. ही नक्षी कुठून आली असेल?

जुनी_राजवाडी
महेश्वरच्या किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरून, असं तिथले विणकर सांगतात. ईंट, चटाई, हिरा, नर्मदेची लहर ही तिथल्या काठांची नावंच आहेत. अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरला नेली आणि विणकर तिथे वसवले. म्हणजे बघा, दगडातली भौमितिक नक्षी काठात आली, आणि तुमच्या फरशीवरही भौमितिक चांदणीच आहे. काठ आणि फरशी आपोआप एका घरातल्या वाटतील. चौकोनी, रेघारेघांची नक्षी फुलांना आवर घालते. सोफ्याच्या फुलांना तीच हवी आहे.

चौकडा
अगदी बरोबर. मी दुकानात हेच करत असे: मोठ्या फुलांच्या कापडाला कडेने पट्ट्याचा किंवा चौकड्याचा गोट. फूल जिथे संपतं तिथे रेघ आली की ते आवरल्यासारखं दिसतं. रेवाकाठ, काठ पडद्याला लावायचा विचार असेल तर नका लावू. पडदा ऊन खातो, जुनं रेशीम पश्चिमेच्या उन्हात टिकणार नाही. सोफ्याच्या उशांना लावा.

माळवी_वारा
सोफ्याबद्दल वेगळं मत. ते हिरवं कापड बदलून टाका! लाकूड ठेवा, कापड साधं विटकरी घाला. अडचणीचं मूळच गेलं.

बडोदेकरीण
सासूबाईंनी निवडलेलं कापड आहे ते, माळवी_वारा. आणि त्या आहेत ना घरात? त्यांना विचारल्याशिवाय कसं बदलणार?

माळवी_वारा
हे लक्षातच घेतलं नव्हतं. मग त्यांनाच विचारा.

रेवाकाठ
सासूबाई आमच्याबरोबरच राहणार आहेत. त्यांना विचारलं. म्हणाल्या, "कापड मी खूप हौसेने घेतलं होतं, पण तुला काढायचं तर काढ." अशा स्वरात म्हणाल्या की आता ते कापड मी जन्मात काढणार नाही.

आता मी काय केलं ते सांगते. फरशी धुतली, सोफा जागेवर ठेवला, ताका खिडकीवर नुसता टाकून पाहिला. मग मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढला. रंग गेले की काय राहतं ते बघायचं होतं. फोटोत फरशी आणि सोफा दोन्ही एकाच करड्या छटेत आले, त्यामुळे सोफ्याचे पाय कुठे संपतात तेच कळत नाही. पडदा मात्र स्वच्छ उजळ उठून दिसतो. म्हणजे पडद्याची काळजी नाही. सोफा आणि फरशी यांच्यामध्ये काहीतरी हवं.

चौकडा
फोटोची युक्ती झकास. उपाय सोपा आहे. सोफ्याखाली नुसती साधी, बिननक्षीची सतरंजी घाला, मळकट पांढरी किंवा फिकट. पूर्ण फरशी झाकायची नाही, सोफ्याच्या पुढच्या पायांपासून हातभर बाहेर येईल एवढीच. चौफेर पट्टा दिसलाच पाहिजे.

सतरंजी
माझ्या नावाचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. 😄

जुनी_राजवाडी
मी दुसरा गालिचा नको म्हटलं होतं ते नक्षीच्या गालिच्याबद्दल. साध्या सतरंजीला माझीही हरकत नाही.

पांढरी_भिंत
फिकट सतरंजी, साध्या भिंती, उजळ पडदा. आता ही खोली मलाही आवडू लागली आहे. हिरव्याचं काय केलंत?

धारकर
हिरव्यासाठी सुचवतो. उशांपैकी दोन साध्या शेवाळी हिरव्या करा आणि त्या सोफ्यावर न ठेवता खिडकीजवळच्या खुर्चीवर किंवा झोपाळ्यावर ठेवा. हिरवा सोफ्याबाहेर दिसला की तो एकटा पडत नाही. आणि बागच्या उरलेल्या तुकड्यांच्या उशा सोफ्यावर. लाल तिकडे, हिरवा इकडे.

किल्ल्याखालचा
किंवा कुंड्या ठेवा. मनीप्लांटला शिलाई लागत नाही.

रेवाकाठ
धारकर, तुमचं लगेच घेतलं. ठरलं ते असं: भिंती चुन्याच्या पांढऱ्या, बागचे पडदे मागे अस्तर लावून, सोफा आहे तसा, पुढे साधी सतरंजी. सोफ्यावर बागच्या दोन उशा महेश्वरी काठ लावून. हिरव्या साध्या उशा खिडकीजवळच्या आरामखुर्चीवर. ती खुर्ची सासूबाईंची, त्यांनी हिरव्या रंगाला ताबडतोब होकार दिला.

मावशी, शेवटचा प्रश्न. खिडकी मोजली. दांडी 66 इंच आहे, उंची तुम्ही धरली तेवढीच. ताका साडेसात मीटरचा आहे. पुरेल का? उशांसाठीही हवंय.

सुई_दोरा_मावशी
66 ची दुप्पट 132, आणि 44 चे तीन पन्हे नेमके 132. पण जोडाची शिलाई आणि कडेच्या दुमडीत चार-पाच इंच जातील, म्हणजे चुण्या दुपटीला किंचित कमी. बारीक बुट्टीत ते कळणार नाही. उंचीला 288 इंच लागतील. साडेसात मीटर म्हणजे साधारण 295. वर सात इंच उरतात, त्यात उशी होत नाही, आणि धुतल्यावर आटेल तेही त्यातूनच जाणार.

उशांचं कापड वेगळं आणा, धारकरांनी सांगितलं तसं दुसऱ्या ताक्याचं चालेल, पडद्याच्या शेजारी येत नाहीये. आधी ताका गार पाण्यात मीठ घालून एकटाच धुवा, सावलीत वाळवा, मग परत मोजा. आटून 288 पेक्षा कमी भरला तर खालची दुमड लहान करू, पन्हा कमी करायचा नाही. मोजून झालं की इथेच लिहा, कापायच्या आधी.